एक बाजू गरम, एक गार

देवरूखच्या गॅरेजमध्ये डिझेल इंजिन खोलणाऱ्या हातांना रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातलं इंजिन फार परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की अनेक बोटींत गरम धूर थंड करायला समुद्राचंच पाणी वापरतात. पंप ते ओढतो, इंजिनाची उष्णता घेऊन ते एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे वाकड्या जोडनळीत, शिरतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं.

दरवर्षी १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीत बोट उभी राहते. आतलं खारं पाणी सुकतं, मीठ साचतं आणि गंज धरतो. बंदीनंतरच्या पहिल्याच फेरीला एक्झॉस्टच्या रबरी पाइपची एक बाजू तापते, दुसरी गारच!

अशा वेळी आधी एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहा. ती बारीक असेल तर समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ करा, मग पंपातला इम्पेलर तपासा. त्याचं रबरी पातं तुटलेलं असेल, तर नुसता नवा इम्पेलर बसवून भागत नाही. तो तुकडा शोधाच; बहुधा पुढच्या नळ्यांत अडकलेला असतो.

धार भरपूर, तरी एकच बाजू तापते? मग संशय एल्बोवर. आतल्या भोकांतून पाणी चहूबाजूंनी फवारलं जायला हवं. दोन-तीन भोकं बुजली, की तेवढा भाग कोरडा राहतो आणि तिथलाच रबरी पाइप करपतो. तो फाटला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, आणि त्या वायूला वास नसतो. पाइप कुठे तापतोय याचा अंदाज हात लावून घेऊ नका; इन्फ्रारेड थर्मामीटरने चहूकडचं तापमान मोजा. इंजिन पूर्ण निवल्यावरच एल्बो उतरवा. आणि पुढच्या बंदीआधी आतून गोडं पाणी फिरवून घ्या.