एक प्रत, चौदा पत्ते

(वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, शिव्या तेवढ्या काढल्यात.)



मला इथं साहित्यावर बोलायला बोलावलंय आणि मी बोलणार आहे पोस्टाच्या तिकिटावर. ज्याला सौंदर्यशास्त्र ऐकायचं असेल त्यानं खुशाल खाली जाऊन चहा मारावा. मी रागावणार नाही.

२०२३ च्या १ ऑगस्टला, म्हंजे अण्णाभाऊंच्या जयंतीला, आम्ही काही पोरापोरींनी एक उपद्व्याप सुरू केला. ‘फकिरा’ची एकच प्रत. चौदा पत्ते. ज्याच्याकडं पुस्तक येईल त्यानं महिन्याभरात वाचायचं, समासात पेन्सिलीनं मनात येईल ते लिहायचं, शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख टाकायची आणि पुढच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवून द्यायचं. वरळी, घाटकोपर, पुणे, नागपूर, नांदेड, असं करत करत ते परत माझ्याकडं यायचं. एवढंच. संस्था नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही.

लोक म्हणाले, अरे मोबाइलवर पीडीएफ पडलीय ना! पडलीय. माझ्याकडंही आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी ती वाचतोच आहे. तुमच्याही मोबाइलमध्ये बाबासाहेबांचे सगळे खंड असतील. हात छातीवर ठेवून सांगा, किती पानं झाली? पुस्तक पोस्टानं आलं की त्याच्या मागं एक माणूस उभा असतो, ज्यानं आपल्यासाठी रांगेत उभं राहून ते पाठवलंय, आणि पुढं दुसरा उभा असतो, जो वाट बघतोय. मग वाचावं लागतं. इज्जतीचा सवाल होतो.

‘फकिरा’ का, तेही सांगतो. १९५९ ची कादंबरी. लिहिणारा वाटेगावच्या मांगवाड्यातला, शाळेत दीड दिवस गेलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेला. १९६१ ला राज्य सरकारचं पारितोषिक, १९६३ ला सिनेमा. तरी आमच्या चौदातल्या नऊ जणांनी ती वाचलेली नव्हती. पुतळ्याला हार घातला होता, मिरवणुकीत नाचले होते. वाचली नव्हती. त्या नवांत मीही होतो.

आणि एका पोरानं समासात जे लिहिलं ते आपल्या सगळ्यांच्या थोबाडीत आहे. त्यानं लिहिलं: आमच्या कपाटात बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, अण्णाभाऊ नाहीत. मांगांचा लेखक म्हणून घरात कधी आणलाच नाही.

बघा म्हंजे! ज्या पुस्तकाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीच्या नावानं आहे, ते पुस्तक आम्ही जात बघून बाहेर ठेवलं. ज्यांनी आम्हाला वेशीबाहेर ठेवलं त्यांचीच शिकवणी आम्ही लावली म्हणायची.

समासातली भांडणं तर मूळ मजकुराइतकीच रंगलीत. राणोजी गावासाठी जोगणी आणायला जातो आणि त्याचं मुंडकं उडवतात, ते पान आता जवळजवळ काळं झालंय. एकानं लिहिलं, गावाच्या जत्रेसाठी मांगानं मान द्यायची आणि गावानं त्याला पुन्हा गावाबाहेरच ठेवायचं? त्याखाली दुसऱ्याचं अक्षर: पण गाव रडलं. त्याखाली तिसऱ्याचं: रडून झाल्यावर काय दिलं? नागपूरच्या एका ताईनं बाण काढून पानाच्या तळाशी लिहिलंय की बापाचा सूड सगळ्यांना दिसतो, फकिराची आई उरलेलं आयुष्य कशी जगली ते कुणी विचारत नाही. मला त्यावर उत्तर सुचलेलं नाही. दुष्काळात धान्य लुटतात तिथं मात्र कुणी वाद घातला नाही. नुसत्या उभ्या रेघा आहेत, चौदा नाहीत, पण आठ-नऊ तरी असतील.

आता पोस्ट. जुना बुकपोस्ट तुम्हाला माहीत आहे. पाकीट एका बाजूनं उघडं ठेवायचं, आत खाजगी पत्र नको, की स्वस्तात पुस्तक जायचं. एका काउंटरवर बाईंनी आमची प्रत चाळली आणि म्हणाल्या, ह्यात तर हातानं लिहिलंय, हे पत्र झालं. आमच्या दोस्तानं अर्धा तास हुज्जत घातली की बाई, हे पत्र नाही, हे भांडण आहे. शेवटी त्या स्वतःच दोन पानं वाचत बसल्या आणि शिक्का मारला. आत काय आहे ते बघायचा हक्क सरकारला १८९८ च्या कायद्यात होता, त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातही आहे. बघा बाबांनो. वाचा पण.

मग डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची ती स्वस्त रजिस्टर्ड सेवाच बंद झाली. आपल्याला विचारतो कोण! प्रकाशक ओरडले, पेपरात आलं. पण आमचं पुस्तक तेव्हा अकराव्या पत्त्यावर होतं. एक पोरगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, एका वेळच्या मेसवर जगणारा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, पुस्तक हलेना. फोन केला, उचलला नाही. मला वाटलं, दाबून बसला.

मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगायलाच मी आलोय. मी त्याला पोस्टकार्ड टाकलं. उघडं कार्ड. वर मोठ्या अक्षरात जय भीम, खाली माझा पत्ता, माझ्या वस्तीच्या नावासकट, आणि मधे लिहिलं: पुस्तक तुझ्या बापाची इस्टेट नाही, पुढं पाठव.

कार्ड घरमालकाच्या हातात पडलं. पोराचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. त्यानं काही लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. कार्ड वाचून मालकानं विचारलं, हे पाहुणे कुठले तुमचे? पंधरा दिवसांत मालकाचा भाचा शिकायला यायचा ठरला आणि खोली रिकामी करून हवी झाली.

आणि पुस्तक का अडलं होतं? तो पोस्टात गेला होता. बुकपोस्ट बंद, पार्सलचा भाव सांगितला. खिशात तेवढे नव्हते. परत आला. चौदा जणांपुढं हे सांगायची त्याला लाज वाटली.

१५ ऑगस्ट १९७२ ला ह्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याच तारखेच्या ‘साधने’त राजा ढाल्यांचा स्वातंत्र्यदिनावरचा लेख आला होता आणि महाराष्ट्र पेटला होता. हा नुसता योगायोग, त्यातून मला काही सिद्ध करायचं नाही. पण पिनकोडच्या सहा आकड्यांवरून जात कळत नाही, वरच्या ओळीवरून कळते. भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर. डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळानं जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. ठीक आहे, महारवाडा, मांगवाडा पुसायलाच हवेत. पण नाव आपण अभिमानानं ठेवलं तरी घरमालक ते त्याच जुन्या डोळ्यांनी वाचतो, त्याचं काय करायचं? माझा पत्ता मी बदलणार नाही. मात्र दुसऱ्याच्या दारात तो उघडा टाकताना मी विचार करायला हवा होता. मला माझी वस्ती आहे, त्याला ती खोलीच होती.

तो पोरगा आता एका मित्राकडं राहतो. माझ्यावर चिडला नाही, हे मला जास्त लागलं. १ मे २०२५ ला पोस्टानं ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा काढली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. आमचा फकिरा कागदात गुंडाळूनही तीनशेच्या आत बसतो. त्यानं त्याच महिन्यात स्वतःच्या वीस रुपयांनी पुस्तक पुढं पाठवलं. मांगांना हजेरी द्यावी लागते त्या पानावर त्याची एकच ओळ आहे: आमची हजेरी खोली बघायला गेल्यावर होते.

ह्या नव्या सेवेत एक मेख आहे, ती तुमच्या-माझ्या कामाची. पाकिटातल्या पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, जाहिरात चालत नाही, आणि नियतकालिक चालत नाही. आपण म्हणतो, अहो हे अनियतकालिक आहे, नावातच आहे. काउंटरवरचा म्हणतो, अंक दुसरा असं छापलंय ना, मग झालं. म्हंजे कादंबरी वीस रुपयांत जाते आणि हा अंक, ज्यात माझं हे बोलणं छापून येईल, तो जाईल की नाही ते त्या दिवशी खिडकीत कोण बसलंय त्यावर.

पहिली फेरी संपली. प्रत माझ्या पिशवीत आहे, शिवण उसवलीय, डकवून आणलीय. दुसऱ्या फेरीत दोन बदल. पोस्टेजचे पैसे आधी एकत्र काढायचे, ज्याच्याकडं नसतील त्याच्या वाटचे न विचारता. आणि ज्याला घरी पार्सल नको असेल त्यानं मित्राचा, दुकानाचा, वाचनालयाचा पत्ता द्यावा, कारण विचारलं जाणार नाही.

कागद मागून फिरवतोय. नाव नसलं तरी चालेल, पिनकोड मात्र नीट लिहा. आणि शाईपेननं नको, पावसात पसरतं.