तंबुऱ्याची गदा

संगणकावरील द्वंद्वखेळातल्या एखाद्या आवडत्या प्राण्यासाठी चाहते स्वतःच नवे डाव रचतात: नखांचा मारा, शेपटीचा तडाखा आणि त्यामागून येणारा दुबळा क्षण. डाव त्या प्राण्याच्या स्वभावातून उमलला, तरच खरा वाटतो. हीच विद्या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानीत, म्हणजे छत्तीसगढी महाभारतगायनात, साधली. भीम उभा करताना त्यांचा तंबुरा गदा होई. अर्जुनाच्या वेळी तोच धनुष्य. स्त्रियांनी बसूनच गावे, असा रिवाज होता. परंतु बसून गदा कशी फिरणार? त्या उभ्या राहिल्या आणि समाजाच्या बहिष्काराला सामोऱ्या गेल्या. पुढे त्यांना भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लाभली; २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. डाव रचणाऱ्याने आधी पात्र अंगी भिनवावे. हात मग आपोआप उचलला जातो.