जुन्या रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता कक्ष
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत मुलांसाठी अतिदक्षता कक्ष काढण्यास आपल्या मंडळाने साहाय्य करावे, असा विषय आज सभेपुढे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, मुलांत आयुष्य घालविलेले शिक्षक आहोत. जे वाचले व जाणकारांस विचारून घेतले, तेवढेच आपणापुढे ठेवितो.

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरी पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण दगावू लागले. तेव्हा इब्सेन नामक भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची रीत चालू केली. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबल्या व मृत्यूचे प्रमाण पुष्कळच उतरले. पुढे १९५५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे खास मुलांसाठी असा विभाग निघाला. म्हणजे या विद्येच्या मुळाशी माणसाचे हात आणि डोळे आहेत, हे प्रथम ध्यानी धरावे.

मोठ्यांच्या कक्षात लहान खाट ठेविली म्हणजे मुलांचा कक्ष होत नाही. येथे ३ किलोचे बाळ येते आणि ५० किलोचा मुलगाही येतो. म्हणून नळ्या, मुखवटे, रक्तदाबाचे पट्टे सर्व मापांचे हवेत आणि ते क्षणात हाती लागतील असे मांडलेले हवेत.

नवी इमारत मनाजोगी बांधता येते. जुनीत भिंती व जिने आधीच ठरलेले असतात. यास्तव जागा निवडतानाच दक्षता हवी. तातडीचा विभाग व शस्त्रक्रियागृह जवळ असावे. लिफ्टमध्ये खाट, प्राणवायूचे नळकांडे व सोबतची माणसे मावावीत. परिचारिकेस बसल्या जागेवरून प्रत्येक मूल दिसावे. मुलाच्या डोक्याच्या बाजूसही डॉक्टरांस उभे राहता यावे. हात धुण्याची सोय जवळ, सांसर्गिक रोगासाठी निराळी खोली आणि उशाशी आईला बसावयास जागा असावी.

सर्वांत मोठी गोष्ट विजेची. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून १० अर्भके मृत्युमुखी पडली. तो घाव महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा कक्षात यंत्रे अहोरात्र चालतात आणि प्राणवायूच्या सान्निध्यात ठिणगीचा वणवा होतो. जुन्या तारांवर नवा भार घालणे म्हणजे मुलांच्या उशाशी निखारा ठेवणे होय.

बंधुभगिनींनो, यंत्र दिले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. भिंतीआडच्या तारांवर व संकटकाळच्या दुसऱ्या दारावर कोणी पाटी लावीत नाही. तरी आमची नम्र सूचना अशी की, आपला पहिला पैसा तारांच्या तपासणीस व त्या दुसऱ्या दारास द्यावा. श्वासयंत्र देण्यापूर्वी, त्यावरील प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षित परिचारिका तिन्ही पाळ्यांस मिळेल काय, हे रुग्णालयास लेखी विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तरच यंत्र द्यावे.

नाव राहिले नाही तरी चालेल. मुले राहावीत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.