ताटं कोण धुणार?

बक्षिसांची वाट बघत कधीच्या ताटकळलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेशी शिक्षण : मार्गदर्शन’ असं छापलंय. करीनच. पण स्टेजवर चढले आणि तिकडून मालगाडी गेली, त्याबरोबर आमचा मराठीचा तास आठवला. गाडी आली की बाई अर्ध्या वाक्यात थांबायच्या. सगळे डबे गेले की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू. बाई पहिल्या रांगेत बसल्यात. बाई, ही कला मला जर्मनीतल्या एकाही प्रोफेसरात दिसली नाही हो!

तर मार्गदर्शन. मी ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात जलविज्ञान शिकले. पडलेल्या पावसातलं किती वाहतं, किती मुरतं, किती उडून जातं, याचा हिशोब. गिरणा धरण आपल्या नांदगाव तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आपल्याच तालुक्यात, हे कोडं मला शाळेतच पडलं होतं. पुढचं सांगायला लागले तर उपमुख्याध्यापक सर घड्याळ बघतील. बघायला लागलेच.

पैशांचं मात्र सांगते, पालक तेच विचारणार. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, सहामाही वर्गणी असते. पण व्हिसासाठी आज वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. त्यातच खोलीभाडं, विमा, जेवण. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी पीठ आणायला विसरलं की विषय संपला. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात, महिनाअखेरीला त्यावर दूध येतं. पहिलं लेक्चर सकाळी साडेसातला. डिसेंबरात त्या वेळी बाहेर काळोख असतो. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर टकटक करतात. आत्ता नको, मागच्या बाकांनो! आणि गुण उलटे: एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे नापास. ‘एक पॉइंट तीन पडले’ म्हणून फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, ‘जाऊ दे, तब्येतीला जप.’

आमच्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर होतं आणि भिंतीवर तक्ता, कोणत्या आठवड्यात कोणी साफ करायचं त्याचा. आपल्याकडची हुशार हुशार मुलं त्या तक्त्यात आपलं नाव बघून गडबडायची. कुकरमध्ये पाणी किती घालायचं, हे विचारायला पुण्याला फोन. घरी रात्रीचे दोन वाजलेले! जर्मन मुलं सिंक साबणाच्या पाण्यानं भरायची, भांडी त्यात बुचकळायची आणि बरेचदा न विसळताच पुसून ठेवायची. ते मला बघवायचं नाही. पण काम ज्याचं तोच करायचा, हे मान्य केलं पाहिजे. आणि थोड्या पाण्यात ताट-वाटी कशी निघते, हे नांदगावच्या पोरीला कुणी शिकवायचं?

म्हणून पोरांनो, आपलं ताट आपण धुवा. परदेशी जा, नाशिकला जा, नाहीतर मनमाडला अप-डाऊन करा, ताट धुवा. मुलींना सांगत नाहीये. त्यांच्या हातात घासणी आपण सहावीतच दिलेली असते. दुसऱ्या रांगेतल्या ताई हसताहेत. ताई, तुमचा मुलगा पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतो का? दहावीचा अभ्यास आहे म्हणता? मग त्याच्या बहिणीचा कसा नसतो?

शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला ज्यांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली, ते बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे लंडनला शिकताना घरमालकिणीचं जेवण पुरायचं नाही. दिवसभर ग्रंथालयात वाचून आल्यावर रात्री ते पापड भाजून खायचे. त्या माणसाच्या अभ्यासाला पापड भाजणं आड आलं नाही आणि आपल्या दहावीवाल्याला ताट उचलायला वेळ नाही!

सरांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘बक्षीस वितरण बाकी आहे.’ थांबते. एक सूचना तेवढी देते. वितरणानंतर चहा आहे. मुख्याध्यापक सरांची परवानगी मी आधीच घेतली आहे: आज आपल्या शिपाईमावशी खुर्चीवर बसून चहा घेतील आणि कपबश्या नववी-दहावीची मुलं धुतील. बादल्या नळाजवळ दोनच ठेवल्यात. विसळून ठेवायच्या हं, जर्मन पद्धत चालणार नाही.