परदेशी बिऱ्हाडाचा महिन्याचा हिशेब : जर्मनीच्या निमित्ताने

परदेशी बिऱ्हाड हलवताना महिन्याला किती खर्च येईल, हा प्रश्न बहुतेक घरांत चलनाचा भाव गुणून सोडवला जातो. तांदूळ, दूध, बसचे तिकीट यांच्या तिकडच्या किमती रुपयांत आणून पुण्या-नागपूरच्या किमतींशेजारी मांडल्या जातात आणि त्या बेरजेला अंदाज म्हटले जाते. ही रीत अपुरी आहे, कारण देश बदलला की वस्तूंच्या किमतींबरोबरच कशासाठी पैसे मोजायचे, ते कोणी मोजायचे आणि कधी मोजायचे, हेही तिथल्या कायद्यांनी व करारांनी नव्याने ठरते. म्हणून अंदाजाचा आरंभ किमतींपासून न करता देण्यांच्या रचनेपासून करावा, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी जर्मनी निवडण्याचे कारण उघड आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट या शहरांचे भगिनीनाते १९६८ पासूनचे आहे, चाकणच्या पट्ट्यात जर्मन कारखाने उभे आहेत, आणि कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी २०२४ मध्ये करारही केला आहे.

विद्यार्थ्याला पहिला आकडा व्हिसाच्या अर्जातच भेटतो. वर्षाचे ११,९०४ युरो ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे गोठवलेल्या खात्यात आधी भरावे लागतात व तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो हाती पडतात. अनेक पालक हाच महिन्याचा खर्च मानतात. वस्तुतः २०२४ च्या शरदात ठरलेला हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणसाहाय्याच्या कमाल रकमेइतका आहे, आणि त्याची फोड केली तर दैनंदिन गरजांसाठी ४७५, निवासासाठी ३८० व आरोग्य आणि शुश्रूषा विम्यासाठी १३७ युरो असे भाग पडतात. म्युनिकमध्ये नुसत्या एका खोलीचे भाडे सातशे युरोंपलीकडे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे ३८० युरोंत राहणे विद्यार्थी-वसतिगृहात जागा मिळाली तरच शक्य होते, आणि त्यासाठीची प्रतीक्षायादी लांब असते. या आकड्याने व्हिसाची अट पुरी होते, पण एखाद्या विशिष्ट शहरात महिना निभेल याची हमी मिळत नाही. शिवाय सरकारी विद्यापीठांत शिक्षण विनाशुल्क असते, हा समजही सर्वत्र खरा नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १५०० युरो शुल्क आहे. विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा आरोग्यविमाही सामान्यतः वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो, त्यामुळे काही वर्षे नोकरी करून उशिरा पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्यांना हे कलम स्वतंत्रपणे तपासावे लागते.

सर्वांत जास्त बारकाईने पाहण्याजोगे कलम घराचे आहे. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा ‘काल्टमीटे’चा, म्हणजे केवळ जागेच्या भाड्याचा असतो, त्यात ‘नेबनकोस्टन’, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई इत्यादींचा जोडखर्च मिळवला की ‘वार्ममीटे’ हे खरे भाडे निघते, आणि वीज व इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर राहतात. उदाहरणादाखल मूळ भाडे ७५० व जोडखर्च २०० युरो असलेले घर घेतले, तर दरमहा ९५० युरो द्यावे लागतील. परंतु हे २०० युरो ही अंतिम रक्कम नसून आगाऊ उचल असते. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होतो, हीटिंगचा किमान निम्मा व जास्तीत जास्त सत्तर टक्के भाग नियमानुसार घराच्या मीटरवरच्या वापराप्रमाणे आकारला जातो, आणि हा हिशेब पाठवण्यास घरमालकाला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. म्हणजे एका हिवाळ्यातील उबेचे उरलेले पैसे पुढच्या हिवाळ्यात मागितले जाऊ शकतात. उष्ण प्रदेशातून गेलेले कुटुंब पहिल्या थंडीत हीटर अहोरात्र चालू ठेवते, आणि त्याची किंमत त्याला दरमहाच्या खात्यात कुठेच दिसत नाही. म्हणून जोडखर्चाच्या वर दरमहा काही रक्कम बाजूला काढणे हा अंदाजाचाच भाग मानला पाहिजे. अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय, शेगडी आणि कपाटांशिवाय भाड्याने दिली जातात. आधीच्या भाडेकरूकडून तो संच विकत घ्यावा लागला तर तोही खर्च पहिल्याच महिन्यावर येतो. प्रसारणशुल्काचे १८.३६ युरो दर घरामागे दरमहा द्यावे लागतात, टीव्ही असो वा नसो.

नोकरदाराच्या बाबतीत अडचण उत्पन्नाच्या बाजूने येते. करारपत्रातील पगार कपातीपूर्वीचा असतो. अविवाहित व निपुत्रिक माणसाला महिना ४००० युरो मिळत असतील, तर प्राप्तिकर आणि निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी व शुश्रूषा या चार विम्यांचे हप्ते वजा होऊन हाती साधारण २६०० युरो येतात. ही सारीच कपात तोटा समजू नये. सार्वजनिक आरोग्यविम्यात उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावतात, तर खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता निराळा असतो. तरुणपणी स्वस्त वाटणारा खासगी विमा घेण्यापूर्वी मागाहून येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब आजच करावा, हे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे.

१८५७ साली सॅक्सनीचे संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी दाखवले होते की, उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो. स्थलांतरितांच्या खात्यातही किराण्याचा वाटा धास्तावल्याइतका मोठा निघत नाही. दूध, बटाटे, पीठ, कडधान्ये आवाक्यात असतात. महाग असते ते दुसऱ्याच्या हाताचे काम. पोळ्या लाटणाऱ्या मावशी, धुण्याभांड्यांची बाई, हाकेसरशी येणारा नळदुरुस्तीवाला यांच्या श्रमांवर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घर चालते, आणि ते श्रम स्वस्त असल्यामुळे घरखर्चाच्या वहीत त्यांची नोंद जेमतेम होते. आजी-आजोबांनी सांभाळलेल्या नातवंडाची नोंद तर कुठेच नसते. जर्मनीत हे श्रम एक तर स्वतः करायचे असतात, नाही तर पूर्ण दराने विकत घ्यायचे असतात. बालसंगोपनाचा खर्च तर राज्यागणिक व गावागणिक बदलतो. बर्लिनमध्ये पाळणाघराचे मूळ शुल्क २०१८ मध्ये रद्द झाले, अन्यत्र अनेक ठिकाणी मात्र ते भरावे लागते. त्यामुळे एकाच पगाराचे दोन देकार दोन शहरांतून आले असता, लहान मूल असलेल्या कुटुंबाने भाड्याइतकेच महत्त्व या कलमाला द्यावे. प्रवासाचे कलम तुलनेने सरळ आहे. देशभराच्या लोकल गाड्या व बसचा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेला. जुन्या माहितीवर केलेला अंदाज किती लवकर शिळा होतो, हे यावरूनही दिसते.

या सर्व कलमांत पहिली तिमाही वेगळी मांडणे अपरिहार्य आहे. घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. वरच्या उदाहरणात ती २२५० युरो होते, कायद्याने ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला अधिकार आहे आणि नवख्या माणसाने तो हक्क वापरावा. तरीही पहिल्या महिन्यात ९५० युरो भाडे व ७५० युरो अनामतीचा हप्ता मिळून १७०० युरो होतात, तर विद्यार्थ्याच्या गोठवलेल्या खात्यातून सुटतात ९९२. नोकरदाराचा पगारही सामान्यतः महिन्याच्या अखेरीस होतो, म्हणजे पहिला महिना पूर्णपणे गाठीच्या पैशांवर काढावा लागतो. ज्या घरांनी शेत किंवा राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेले असते, तिथे ही तूट रात्री-अपरात्री गावाकडे फोन करून नातलगांच्या उसनवारीने भरली जाते. तेव्हा प्रस्थानापूर्वीच या तीन महिन्यांची स्वतंत्र रक्कम, तातडीने परतावे लागल्यास विमानाचे भाडे, आणि शिक्षण चालू असतानाही कर्जावर चढत राहणारे व्याज ही कलमे त्याच वहीत, त्याच पानावर, युरोत आणि रुपयांत दोन्ही प्रकारे लिहिलेली असावीत, आणि ते पान जाणाऱ्या मुलाने व मागे राहणाऱ्या आईवडिलांनी एकत्र बसून भरलेले असावे.