वेदीवरील वस्त्र आणि मेजवानीचा साज



एखादी वस्तु देवघरांत असली म्हणजे तिला नमस्कार होतो; तीच प्रदर्शनांत मांडली कीं तिचें कौतुक होतें; आणि तिचीच प्रतिकृति अंगावर घालून कोणी मेजवानीस आलें, तर कांहींचे डोळे सुखावतात व कांहींच्या मनाला चटका बसतो. हा प्रश्न २०१८ सालीं न्यूयॉर्क शहरांत रोमन कॅथलिक समाजापुढें ठळकपणें उभा राहिला.

तेथील मेट्रोपॉलिटन म्युझियमनें त्या वर्षीं १० मेपासून ८ ऑक्टोबरपर्यंत एक प्रदर्शन भरविलें. विषय होता, वेषभूषा आणि कॅथलिक कल्पनासृष्टि. संयोजक अँड्र्यू बोल्टन हे स्वतः कॅथलिक संस्कारांत वाढलेले. व्हॅटिकननें सिस्टिन प्रार्थनामंदिराच्या वस्त्रागारांतून सुमारें ४० वस्तु या प्रदर्शनासाठीं दिल्या. त्यांतील पुष्कळशा पूर्वीं कधीं व्हॅटिकनबाहेर गेल्या नव्हत्या. स्पेनची राणी दुसरी इसाबेला हिनें १८५४ सालीं पोप नववे पायस यांना अर्पण केलेला, सुमारें १८ हजार हिऱ्यांनीं मढविलेला त्रिमुकुटहि त्यांत होता. मात्र एक मर्यादा पाळण्यांत आली. ही धर्मवस्त्रें फॅशनच्या पोषाखांत मिसळलीं नाहींत. त्यांना वेगळें दालन दिलें होतें.

प्रदर्शनापूर्वीं, ७ मे रोजीं, संग्रहालयाची वार्षिक मेजवानी झाली. तेथें मात्र अशी मर्यादा कोठून असणार? गायिका रिहाना मोत्या-खड्यांनीं लखलखणारा पोषाख आणि बिशपाच्या मुकुटासारखें शिरोभूषण घालून आली. नटी सारा जेसिका पार्कर हिच्या मस्तकावर ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीचा देखावाच होता. गायिका केटी पेरी देवदूताचे प्रचंड पंख लावून आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल कीं धर्मगुरु संतापले असतील व सामान्य जन हंसले असतील. घडलें तें पुष्कळ अंशीं उलट. न्यूयॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल टिमथी डोलन त्या मेजवानीस स्वतः उपस्थित होते. सत्य आणि शिव यांप्रमाणें सौंदर्याचाहि चर्चशीं संबंध आहे, अशी त्यांची भूमिका होती. रिहानाचा मुकुट आपणच उसना दिला होता, असा विनोदहि त्यांनीं मागाहून केला. व्हॅटिकनच्या संस्कृतिविभागाचे प्रमुख कार्डिनल राव्हासी यांनीं तर बायबलच्या आरंभींच ईश्वर शिंप्याचें काम करतो, याची आठवण दिली. आदम व हव्वा यांना वस्त्रें त्यानेंच करून दिलीं.

उलटपक्षीं, ब्रिटिश पत्रकार पिअर्स मॉर्गन यांनीं कॅथलिक या नात्यानें आपली नाराजी उघड लिहिली. दुसऱ्या धर्माच्या बाबतींत कोणी असें धाडस केलें असतें काय, हा त्यांचा सवाल होता. अमेरिकन स्तंभलेखक रॉस डाउथॅट यांचा रोख निराळा होता. जें वैभव चर्चनें स्वतःच मागें टाकलें, तें आतां संग्रहालयांत पाहावें लागतें, ही त्यांची खंत होती.

या खंतीमागें इतिहास आहे. १३ नोव्हेंबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल यांनीं आपला त्रिमुकुट सेंट पीटरच्या वेदीवर ठेवला व तो गरिबांसाठीं अर्पण केला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच ते मुंबईस आले, आणि निघतांना त्यांनीं आपली मोटार मदर तेरेसा यांच्या कार्यासाठीं देऊन टाकली. मुकुट उतरविण्यांतहि एक तेज असतें, हें त्या पिढीनें पाहिलें. मग तोच मुकुट दिव्यांच्या झगमगाटांत केवळ शोभेसाठीं परत आलेला पाहून एखाद्या भाविकाचें मन खिन्न झालें, तर त्याला संकुचित कसें म्हणावें?

चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेंत या बाबतींत स्पष्ट नियम आहे. आशीर्वादानें उपासनेसाठीं वाहिलेली वस्तु आदरानेंच वापरावी. ती खाजगी मालकीची असली तरी लौकिक वा अनुचित कामीं लावूं नये. या नियमानें पाहतां शिंप्यानें शिवलेला, कधींच न मंत्रिलेला मुकुट घालणें म्हणजे धर्मवस्तूचा भंग नव्हे. कार्डिनल निश्चिंत राहूं शकले, तें बहुधा यामुळेंच.

परंतु मनाची जखम नियमानें मोजतां येत नाहीं. गव्हाणी म्हणजे भाविकाच्या लेखीं नुसता आकार नव्हे. तींत उतरायला जागा न मिळालेली माता आहे, उघड्यावरचें दारिद्र्य आहे. तो देखावा एका रात्रीच्या ऐश्वर्याचा तुरा झाला, तर जें हरवतें तें सौंदर्य नव्हे. त्या सौंदर्यानें माणसाकडून जें मागितलें होतें, तें हरवतें.

तें प्रदर्शन १६ लक्षांहून अधिक लोकांनीं पाहिलें. त्या संग्रहालयाच्या इतिहासांत तोंवर इतकी गर्दी कोणत्याच प्रदर्शनास झाली नव्हती. त्यांतील कित्येकांनीं जुन्या धर्मवस्त्रांवरील बारीक भरतकामापुढें क्षणभर स्तब्ध उभें राहून पाहिलें असेल. तेवढ्या क्षणापुरता तरी डोलन यांचा विश्वास खरा ठरला, असें म्हणावें लागेल. दुखावलेल्यांचें म्हणणेंहि त्यामुळें खोटें ठरत नाहीं. दुसऱ्याच्या देवघरांतील रूप ज्याला अंगावर मिरवावयाचें आहे, त्यानें तें रूप तेथें कशासाठीं ठेवलें आहे, एवढें तरी आधीं विचारून घ्यावें.