बांधावरच्या एरंडीचे मोल

पाने खाणारी अळी ओढून घ्यावी म्हणून जळगाव-धुळ्याकडे कपाशीभोवती आपण एरंडी लावतो. अंडीपुंज व जाळीदार पाने तोडून नष्ट करावीत, पण घड राखावेत. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते; सरकी-शेंगदाण्यात ते नाही. त्यामुळे हे तेल दाट राहते, अल्कोहोलात विरघळते. त्यापासून यंत्राचे ग्रीस, नायलॉनसाठी सेबॅसिक आम्ल, कापड रंगवण्याचे टर्की रेड तेल होते. घड एकदम पिकत नाहीत, तेव्हा वाळतील तसे तोडा. काठावरचे बी थोडेच निघेल. चार शेजाऱ्यांनी मिळून विकलेले बरे. शेंगदाण्यात मात्र एकही दाणा मिसळू देऊ नका, बियांत रिसिन हे जहाल विष असते. पेंडीतही ते उरते. पेंड शेताला उत्तम खत, पण जनावरांना घालू नका; पोती गोठ्यापासून लांब ठेवा.